आत शून्य, बाहेर सात

ता. ६ फेब्रुवारी १९५७, बुधवार

सायंकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. कारखान्याच्या शेडमध्ये डब्याला फडके बांधत होतो. साहेबांचे शिपाई उद्धवराव आले. "ज्योतीराम, साहेब बोलावतायत. आत्ता." वाटले, मी तपासलेले एखादे कुलूप गिऱ्हाइकाकडून परत आले. आज दोनशे दहा कुलुपे झाली. प्रत्येकाला किल्ली तीनदा फिरवून पाहिली होती. तरीही.

कुलूप नव्हते. साहेबांच्या टेबलाखाली खोक्यात कुत्र्याचे पिल्लू होते.

मोहोनी साहेब म्हणाले, पुण्याच्या एका मित्राने दिले आहे, अर्धे अल्सेशियन आहे. बंगल्यात नुकतीच मोझॅकची लादी बसवली आहे. बाईसाहेबांची अट — घरात घाण करायचे थांबल्याशिवाय उंबऱ्याच्या आत नको. "तुझ्याइतका टापटिपीचा माणूस माझ्याकडे दुसरा नाही. चोवीस मार्चला मेहुणे येतायत. तोवर शिकवून दे." मी म्हणालो, कुत्रे कधी पाळलेले नाही. "मग कुलुपं कुठे पाळली होतीस?" म्हणाले आणि हसले. पुढचे वाक्य जसेच्या तसे लिहितो — "एप्रिलपासून रोजंदारीतल्या चौघांना कायम करायचं आहे. यादी मीच पाठवतो."

मी दारात पोचलो तेव्हा आणखी एक. "नाहीच शिकलं तर सांग. माळी नदीपलीकडे सोडून येईल."

खर्चाला पाच रुपये दिले. एक कोरी वही दिली — घरात किती वेळा, बाहेर किती वेळा, रोज लिहायचे. ती वही साहेबांची. ही माझी.

खोके डोक्यावर घेऊन चिंचवडहून पिंपरी गावापर्यंत चालत आलो. वाटेत मानेवरून ओघळ आला. साहेबांच्या वहीत लिहावे की नाही कळेना. डोके म्हणजे घर नव्हे. लिहिले नाही.

ता. ७ फेब्रुवारी, गुरुवार

आत ६, बाहेर ०.

ता. ८ फेब्रुवारी, शुक्रवार

छबूबाई चिडल्या. बरोबरच आहे. घर त्यांचे, दोन खोल्यांचे, मातीचे. पुढची खोली माझ्याकडे भाड्याने, मागची त्यांची. जमीन, ओटा, अंगण — सगळे दर सोमवारी स्वतःच्या हाताने शेणाने सारवतात. साठी उलटली आहे.

"आरं, कंबर मोडून सारवते मी, ती ह्याच्यासाटी व्हय?"

मी म्हणालो, आजपासून अंगणात नेतो.

"आंगनात? आंगन काय सायबाच्या बाचं हाय? आंगन म्हंजी घरच. तिथंबी न्हाई!"

परसात बाभळीचे काटे आहेत. पलीकडे दुसऱ्यांची शेते. बराच विचार केला. आमच्या शेजारी एका व्यापाऱ्याने दुकान बांधायला काढले होते. जोते झाले, त्यावर शहाबादी फरशी बसली, मग पैसे संपले. दोन वर्षे झाली, भिंती नाहीत. नुसती गुळगुळीत फरशी उन्हात पडलेली असते. तिथे न्यायचे ठरवले. मातीत घाण मुरते, दिसत नाही. फरशी दोन बादल्यांत धुऊन निघते. छबूबाईंना दाखवले. "हां. हितं चालंल," म्हणाल्या.

माझे मलाच बरे वाटले.

ता. ११ फेब्रुवारी, सोमवार

पद्धत ठरवली आहे. झोपून उठले की जोत्यावर. दूध प्यायले की जोत्यावर. खेळून दमले की जोत्यावर. तिथे फरशीवर ठेवायचे आणि एकच शब्द म्हणायचा — "कर." केले की भाकरीचा तुकडा. नाही केले तर उभे राहायचे. आज सकाळी चाळीस मिनिटे उभा होतो. पिल्लू माझ्याकडे पाहत होते, मी त्याच्याकडे. शेवटी घरी आणले आणि त्याने उंबऱ्यावर केले. उंबरा घरात धरला.

मी कामावर असताना छबूबाई नेणार, म्हणजे मी विनवले म्हणून. त्यांना घड्याळ कळत नाही. सांगितले, कारखान्याचा भोंगा ऐकू आला की न्या. "आता तुज्या कुत्र्यासाटी मी भोंग्यावर मुतायला नेऊ! नवऱ्याला भाकर कदी भोंग्यावर दिली न्हाई मी."

पण दुपारचे नेले होते. जोत्यावर डाग होता.

आत ४, बाहेर २.

ता. १३ फेब्रुवारी, बुधवार

शौकत माझ्या बाजूच्या बाकावर किल्ल्या घासतो. त्याला विचारले. म्हणाला, "त्याचं नाक घास त्यात राव, एका दिवसात शिकतं." संध्याकाळी तसे केले. पिल्लाने अंग चोरले आणि मग माझा हात चाटला. पुन्हा करणार नाही. उपयोग होतो असे दिसले नाही, हे कारण.

ता. १५ फेब्रुवारी, शुक्रवार

निवडणुकीची मोटार कर्णा लावून गावातून गेली. पिल्लू घाबरून माझ्या पेटीमागे शिरले आणि तिथे केले. पेटीत माझी सहावीची प्रगतिपुस्तके आहेत. कडा भिजल्या. उन्हात ठेवल्या. शाईचे आकडे थोडे पसरले, वाचता येतात.

शौकत दुपारी जेवणाच्या सुटीत माझ्याबरोबर घरी आला होता. दारातूनच बोलला. "आत नाही येत रे, नमाजाचे कपडे आहेत. तुझा साहेबजादा चाटेल." मग तिथेच उकिडवा बसून लांबून अर्धा तास बघत होता. जाताना म्हणाला, "कान बघ ना त्याचे. एक उभा, एक पडका. भोंगा ऐकायला एकच ठेवलाय."

आत ३, बाहेर ४.

ता. १८ फेब्रुवारी, सोमवार

सारवण ओले होते. पिल्लाला ओट्यावर बांधले. छबूबाई सारवत होत्या आणि त्याच्याशी बोलत होत्या. मी आत कपडे घडी करत होतो, त्यांना ठाऊक नव्हते. "बुध्या, पाय नको टाकू रं. बस गप. पोरगं यील आता."

बाहेर येऊन विचारले, बुध्या कोण? म्हणाल्या, "बुधवारी आलं म्हून बुध्या. नाव नगं का?"

मी सांगितले, नाव बाईसाहेब ठेवणार आहेत. आपण ठेवायचे नाही.

"ठेव मग तुजी बाईसायब."

या वहीत मी पिल्लू असेच लिहितो.

ता. २२ फेब्रुवारी, शुक्रवार

आत १, बाहेर ६. तो एकही माझी चूक. भात जळत होता म्हणून नेले नाही.

ता. २५ फेब्रुवारी, सोमवार

आज पिल्लू स्वतः दाराशी गेले, वळून पाहिले आणि एकदाच भुंकले. मी दार उघडले. अंगण ओलांडून सरळ जोत्यावर. केले. परत आले आणि तुकड्यासाठी बसले.

छबूबाईंना हाक मारली. दोघेही पाहत उभे राहिलो. त्या म्हणाल्या, "मान्सापरीस बरं हाय."

ता. १ मार्च, शुक्रवार

आत ०, बाहेर ७. पहिला दिवस.

साहेबांनी वही मागवून घेतली. पानन् पान पाहिले. "अक्षर चांगलं आहे. शाळा किती?" सहावी, म्हणालो. "पुढे का नाही?" वडील गेले, म्हणालो. वही परत देताना म्हणाले, "असंच शून्य ठेव. एप्रिलच्या यादीत तीन नावं लिहिली आहेत. चौथं लिहायचं आहे." नंतर एका कुलुपाची किल्ली चौथ्यांदा फिरवून पाहिली.

ता. ३ मार्च, रविवार

आईला कार्ड टाकले. ती बार्शीकडे थोरल्याकडे असते. वहिनींशी तिचे जमत नाही. दर पत्रात दुसऱ्याकडून लिहवून घेते — कायम कधी होणार, मला कधी नेणार. लिहिले, एप्रिलात कळेल, साहेबांचा लोभ आहे. पिल्लाचे लिहिले नाही. कुत्र्याच्या जोरावर नोकरी कायम होते हे तिला समजावणे कठीण.

आत ०, बाहेर ७.

ता. ९ मार्च, शनिवार

ओव्हरटाइम झाला. छबूबाई बहिणीकडे चिंचवडला गेल्या होत्या, त्यामुळे पिल्लू दुपारच्या दोनपासून कोंडलेले. सात वाजून वीस मिनिटांनी पोचलो. वाटेत पळालो. कुलूप काढताना किल्ली उलटी घातली — कुलुपांतला माणूस मी!

दारामागे उभे होते. मागचे पाय कापत होते. जमीन कोरडी. सगळे कोपरे कंदिलाने पाहिले, कोरडे. उचलून जोत्यावर नेले. ठेवल्याबरोबर केले, आणि संपेचना. मी मोजत होतो. पंचावन्नपर्यंत मोजले.

मग तिथेच फरशीच्या कडेला बसलो. ते माझ्या पायावर हनुवटी टेकून बसले. सव्वापाच तास. त्याला कुणी यादी दाखवलेली नाही.

आत ०, बाहेर ४.

ता. १६ मार्च, शनिवार

पिंपरी कॅम्पात गेलो होतो, पिल्लाला घेऊन. लिहिण्यासारखे काही नाही. रुमाल धुतला.

ता. १७ मार्च, रविवार

आत ०, बाहेर ७.

ता. १९ मार्च, मंगळवार

शौकत म्हणाला, "येत्या रविवारी देतोस ना? कायम होणार तू, आणि तोंड असं का, सासुरवाडीला पोर पाठवल्यासारखं?" मी म्हणालो, झोप झाली नाही. त्याने अर्धा चहा माझ्या बशीत ओतला.

आत ०, बाहेर ७.

ता. २३ मार्च, शनिवार

पिल्लाला आंघोळ घातली. छबूबाईंनी स्वतःचे शिकेकाईचे पाणी दिले. मग त्याच्यापुढे भाकरी कुस्करून ठेवली आणि आत गेल्या, त्या दिवे लागेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

साहेबांची वही पूर्ण करून दोऱ्याने बांधली. एक मार्चपासून आजपर्यंत, तेवीस दिवस, आत शून्य.

ता. २४ मार्च, रविवार

सकाळी साडेनऊला बंगल्यावर पोचलो. क्रमाने लिहितो.

फाटकापासून पायरीपर्यंत तांबड्या मातीची वाट आहे, दोन्ही बाजूंना बाग. साहेब, बाईसाहेब आणि बाईसाहेबांचे भाऊ व्हरांड्यात चहा घेत होते. बाईसाहेबांचे नाव इंदुताई. मी पहिल्यांदाच पाहिले. कडक नाहीत. पिल्लाला पाहून त्यांनी कप ठेवला. "अगं बाई, किती गोड! आणि एक कान पडका आहे." साहेब भावांना म्हणाले, "हे बघा, वही. माझा माणूस. तेवीस दिवस एकही चूक नाही." भाऊ म्हणाले, "तुमच्या कारखान्यात कुत्र्यांचीही हजेरी घेतात वाटतं!"

साहेब म्हणाले, आधी बागेत नेऊन आण, मग आत घे. बागेत नेले. मातीवर ठेवले. पिल्लू वास घेत फिरले, एका वाफ्यात पाय दुमडून बसले आणि मला पाहत राहिले. माळी उभा होता, त्याने हुसकले. उठले, दुसरीकडे जाऊन बसले. एक तास गेल्यासारखे वाटले. घड्याळात बारा मिनिटे झाली होती.

"नसेल लागली," बाईसाहेब म्हणाल्या. "आणा आत."

दिवाणखान्याची लादी फार सुंदर आहे. पांढऱ्यात काळे आणि तांबडे ठिपके, पाण्यासारखी चकाकते. पिल्लू आत गेले. मध्यावर थांबले. माझ्याकडे वळून पाहिले — नेहमी जोत्यावर पाहते तसे. आणि बसले.

पुष्कळ होते. मेजाच्या पायापर्यंत गेले.

झाल्यावर माझ्यापुढे येऊन तुकड्यासाठी बसले. माझ्या खिशात भाकरीचा तुकडा होता. हात खिशात गेला आणि तिथेच राहिला.

बाईसाहेब साडी उचलून मागे सरल्या. "हे शिकवलं होय?"

साहेबांनी बागेत न्यायला लावले. पुन्हा काही नाही. पुन्हा आत. दुसऱ्या कोपऱ्यात — या वेळी घट्ट. भाऊ हसून हसून खुर्चीत वाकले. "मोहोनीसाहेब, तुमचा माणूस! शून्य! शून्य!"

साहेब हसले नाहीत. वही उघडली. बोट ठेवून वाचले — "वीस मार्च, आत शून्य. एकवीस, शून्य. बावीस, शून्य." मग माझ्याकडे पाहिले. "हे सगळं घरी बसून भरलंस का रे?"

मी काही बोललो नाही.

"चुकलं असतं तर चाललं असतं. कुत्रं आहे. पण तू लिहिलंस, आणि मी लोकांना दाखवलं."

पिल्लू अजून तुकड्यासाठी बसले होते.

"ज्योतीराम, मी विचारतोय. खोटं लिहिलंस?"

बाईसाहेब म्हणाल्या, "जाऊ द्या हो. मुलगा घाबरलाय." साहेब माळ्याला म्हणाले, "घे रे हे. नदीपलीकडे." माळी पुढे आला. मी म्हणालो, "मी नेतो, साहेब. जाताना सोडतो." एवढेच बोललो. साहेबांनी हाताने जा म्हणून सांगितले. वही ठेवून घेतली. मी लादी पुसून दिली, दोन्ही ठिकाणची, आणि निघालो.

नदीकडे वळायचा रस्ता डाव्या हाताला आहे. मी उजवीकडे, घराकडे आलो.

ता. २५ मार्च, सोमवार

कारखान्यात सगळ्यांना कळले आहे. "शून्यराव आले!" कुणी म्हणाले, "माझीही हजेरी भर की रे, महिनाभर गैरहजेरी शून्य." उद्धवराव हसले नाहीत, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. ते जास्त लागले.

शौकतने विचारले, "तू खोटं लिहिणाऱ्यातला नाहीस. मग बोलला का नाहीस?" म्हणालो, सुचले नाही. तो पुन्हा किल्ल्या घासू लागला.

आज साहेबांनी माझ्या बाकावरची वीस कुलुपे दुसऱ्याकडून पुन्हा तपासून घेतली. वीसही बरोबर निघाली. कुणी तसे सांगितले नाही, मी मोजत होतो.

ता. २८ मार्च, गुरुवार

छबूबाईंनी अजून काहीच विचारलेले नाही. फक्त भोंगा झाला की उठतात.

ता. १ एप्रिल, सोमवार

यादी लागली. चार नावे. शौकतचे आहे. माझे नाही. त्याला मिठी मारली. तो म्हणाला, "तुझी जागा घेतल्यासारखं वाटतंय राव." तसे नाही, हे त्याला सांगता आले नाही. इथे लिहितो.

सोळा मार्चला पिंपरी कॅम्पात पट्ट्याला घुंगरू घ्यायला गेलो होतो. दुकानात शहाबादी फरशी होती. बुध्या आत गेला, माझ्याकडे वळून पाहिले आणि बसला. मी रुमालाने पुसले. मग स्टेशनच्या फलाटावर नेला. तिथल्या फरशीवर पुन्हा तेच. मग शेताच्या बांधावर मातीत अर्धा तास उभा केला — काही नाही. घरी जोत्यावर ठेवल्याबरोबर झाले. किल्ली फिरवावी तसे तीनदा पाहिले होते. माती आणि सारवण म्हणजे घर, फरशी म्हणजे बाहेर, असे तो शिकला होता. त्याची एकही चूक नाही. शिकवले मी. साहेबांच्या वहीत त्या दिवशी आत शून्य लिहिले. दुकान म्हणजे घर नव्हे.

आठ दिवस हातात होते. साहेबांना एक वाक्य सांगितले असते तरी पुरे होते. चोवीस तारखेला लादीवर उभा होतो तेव्हाही पुरे होते — "साहेब, याला फरशी म्हणजे बाहेर." ते हसले असते, पंधरा दिवसांत मातीवर शिकवून झाले असते, बुध्या बंगल्यात राहिला असता, आणि माझे नाव यादीत. वाक्य तयार होते. तोंडातच होते.

आजपासून नवे पैसे चालू झाले. तरी जुन्यात मांडतो.

खर्च — दूध, रोज दोन आणे, पंचावन्न दिवस : ६ रु. १४ आ. फिनेलची बाटली : १० आ. खराटा : ३ आ. एकूण ७ रु. ११ आ. नव्या हिशेबाने ७ रु. ६९ न. पै.

देणे — साहेबांचे आगाऊ ५ रु. : पुढच्या पगारात देईन. साहेबांना ते वाक्य : देणार नाही. आईला पत्र : कार्ड आणले आहे, पत्ता लिहिला आहे, पुढे कोरे.